वारज्याच्या माळावरचा धोतरा

वारजे हे मुठेच्या काठचे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तेव्हापासून तेथील जमीन एकसारखी उकरली जात आहे. कोठे पाया खणला जातो, कोठे रस्ता रुंद होतो, कोठे पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून टाकला जातो. याच वारज्यात वनखात्याच्या उजाड जमिनीवर अलीकडे झाडे लावून नागरी वन उभे केले आहे आणि २०२० साली पर्यावरणदिनी केंद्र सरकारने शहरी वनांची योजना जाहीर केली तेव्हा या वनाचाच दाखला दिला होता. ती झाडे माणसांनी हौसेने लावली, राखली, त्यांस पाणी घातले. परंतु ज्या झाडाविषयी आज आम्हांस सांगावयाचे आहे ते कोणी लावलेले नाही. पाऊस पडला की राडारोड्याच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीशी, मोकळ्या प्लॉटात ते आपोआप उगवते, आणि चारदोन आठवड्यांत त्याला वीतभर लांबीचे पांढरे कर्णे लागतात. हा धोतरा होय.

धोतरा ओळखत नाही असा मनुष्य आपल्याकडे विरळा. त्याचे काटेरी गोल फळ महाशिवरात्रीस बेलाबरोबर विकावयास येते, आणि गणेश चतुर्थीस ज्या एकवीस पत्री वाहतात त्यांत धोतऱ्याचे पान असते. म्हणजे वर्षातून दोनदा तरी ही वनस्पती आपल्या देवघरापर्यंत येते. जे इतके परिचयाचे आहे ते आपणांस ठाऊकही आहे, असे आपण समजून चालतो. धोतऱ्याच्या बाबतीत ही समजूत महागात पडते, म्हणून हा विषय आम्ही निवडला.

प्रथम झाड पाहू. धोतरा एका जातीचा नाही. आपल्याकडे मुख्यतः तीन जाती दिसतात. एकीची पाने जवळजवळ गुळगुळीत, फूल पांढरे किंवा जांभळे, आणि फळावर आखूड बोथट काटे असतात. जांभळ्या, कधी एकात एक बसविल्यासारख्या दुहेरी तिहेरी फुलांचा जो काळा धोतरा बागेत मुद्दाम लावतात तो याच जातीचा. दुसरीची पाने हाताला मऊ लवदार लागतात आणि फळावरचे काटे लांब व बारीक असतात. या दोहोंचे फळ खाली झुकलेले असते व पिकल्यावर वेडेवाकडे फुटते. तिसरीचे फूल लहान. तिचे फळ मात्र ताठ उभे राहते आणि पिकले म्हणजे चार फाकांत नेमके उकलते. फूल संध्याकाळी उमलते, रात्री दरवळते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढताच मलूल होते. इतक्या लांब नळीच्या तळाशी असलेला मध मधमाशीच्या आवाक्यातला नव्हे. अंधार पडल्यावर हॉकमॉथ जातीचे मोठे पतंग येतात, फुलापुढे हवेत तरंगत आपली लांब सोंड आत घालतात, आणि परागांची ने-आण होते. ज्यांना वारज्यात राहून हे पाहावयाचे असेल त्यांनी दिवेलागणीनंतर, जेथे रस्त्याच्या दिव्याचा झोत पडत नाही अशा एखाद्या झुडपापाशी थोडा वेळ उभे राहावे.

कुळाने धोतरा हा आपल्या स्वयंपाकघराचा नातलग आहे. वांगे, बटाटा, टोमॅटो, मिरची ही सारी त्याच्याच कुळातील. तंबाखूही त्यातलीच, आणि अंगणातील रातराणीसुद्धा. हे नाते नुसते पुस्तकी नाही. धोतऱ्याचे बी आणि मिरचीचे बी यांत इतके साम्य आहे की न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना या दोहोंतील फरक वर्षानुवर्षे पाठ करावा लागतो. मिरचीचे बी लहान, पातळ, फिकट पिवळे व गुळगुळीत. त्याची कड साधी, चव तिखट. धोतऱ्याचे बी त्याहून मोठे, जाड, पिवळसर तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे. पृष्ठभागावर बारीक खळगे, कडेला दुहेरी धार, चव कडू. डॉक्टरीच्या परीक्षेत हा प्रश्न का येतो, हे पुढे दिसेलच.

आता नावांकडे वळू. अमरकोशात धोतऱ्याला जी नावे दिली आहेत ती एखाद्या वनस्पतीची नसून आरोपीची वाटावीत अशी आहेत: उन्मत्त, कितव, धूर्त. कितव म्हणजे जुगारी. त्याबरोबरच कनक हेही नाव आहे. सोने आणि धोतरा या दोहोंस एकच शब्द असल्यामुळे माणूस कशाने अधिक उन्मत्त होतो यावर पुढच्या कवींनी पुष्कळ कोट्या केल्या. 'धत्तूर' या आपल्याच शब्दावरून शास्त्रीय भाषेत या प्रजातीस 'दातुरा' हे नाव मिळाले. यावरून हे झाड अस्सल इथलेच, असा निष्कर्ष कोणीही काढील. पण वनस्पतिशास्त्रज्ञांचे म्हणणे निराळे आहे. धोतऱ्याचे रानटी नातलग पाहिले तर ते मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात एकवटलेले आढळतात. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि तंबाखू ही कोलंबसानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली हे सर्वश्रुत आहे. तेव्हा धोतराही त्यांच्याबरोबरच आला असावा, असे पुष्कळ दिवस मानले जाई. मग संस्कृत ग्रंथांतील धत्तूर कोठला? कोलंबस १४९२ साली निघाला. अमरकोश त्याच्या कित्येक शतके आधीचा! २००७ साली आर. गीता आणि वलीद घरैबे या दोन संशोधकांनी संस्कृत व अरबी ग्रंथांतील वर्णने आणि जुनी शिल्पे तपासून असे मांडले की, गुळगुळीत पानांचा धोतरा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतच जुन्या जगात पोहोचलेला होता. हे अनुमान खरे धरले तर शंकराला वाहिले जाणारे हे फूल गलबतांच्या फार आधी महासागर ओलांडून आले, असे म्हणावे लागते. आम्हांस हे अनुमान पटते. कारण तीन निरनिराळी नावे असलेली वनस्पती लोकांच्या चांगल्याच परिचयाची असली पाहिजे, आणि ती नावे तिच्या परिणामाचे इतके अचूक वर्णन करतात की तो योगायोग म्हणता येत नाही.

तो परिणाम कसा असतो, याची पहिली सविस्तर युरोपीय हकिकत आपल्या शेजारच्या गोव्यातून आली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि १५६३ साली तेथेच त्याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ छापून निघाला. त्यातील एक संवाद धोतऱ्यावर आहे. ज्याला धोतरा घातला जातो तो असंबद्ध बोलतो, हसत राहतो आणि मोठा उदार होतो. कोणी त्याच्या देखत दागिने काढून नेले तरी नेऊ देतो, असे ओर्ताने लिहिले आहे. त्यानंतर वीसएक वर्षांनी गोव्यात येऊन राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने तर गोव्यातील बायका नवऱ्यांना धोतरा पाजून त्यांच्या डोळ्यांदेखत काय काय करतात, याची चुरचुरीत वर्णने केली. यातील बराच भाग गलबतावरच्या गप्पांचा असावा असे आमचे मत आहे. परंतु एक तपशील त्याने बरोबर टिपला: शुद्धीवर आल्यावर माणसास मधल्या काळातले काहीच आठवत नाही.

हीच गोष्ट चोरांच्या पथ्यावर पडली. एकोणिसाव्या शतकात धर्मशाळेत किंवा वाटेवर सोबत जोडून, मिठाईत अगर सातूच्या पिठात धोतऱ्याचे बी मिसळून वाटसरूस लुबाडणाऱ्या टोळ्या हिंदुस्थानभर होत्या. गळ्यात रुमाल टाकणाऱ्या ठगांपेक्षा हे निराळे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांत त्यांना 'धतुरिये' म्हटलेले आढळते. नॉर्मन चेव्हर्स या डॉक्टराने १८५६ साली बंगालमधील न्यायवैद्यकावर पुस्तक लिहिले त्यात धोतऱ्याला मोठी जागा द्यावी लागली, आणि मुंबई सरकारचे रसायन-परीक्षक लायन यांच्या १८८९ सालच्या ग्रंथातही तो आहेच. त्या काळची परीक्षा मजेदार होती. संशयित अन्नाचा किंवा रोग्याच्या लघवीचा अर्क काढून त्याचा थेंब मांजराच्या डोळ्यात घालीत. बाहुली मोठी झाली की धोतरा किंवा त्याच्यासारखे विष असल्याची खूण पटे. आता प्रयोगशाळेत यंत्रे आहेत आणि मांजरे सुटली आहेत.

धोतरा चोराच्याच हातून पोटात जातो असे मात्र नाही. १६७६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत बंड झाले, ते मोडण्यासाठी जेम्सटाउन येथे आलेल्या शिपायांनी कोवळी पाने पाहून भाजी उकडून खाल्ली. पुढे अकरा दिवस त्यांतला एक हवेत पीस फुंकीत बसला होता, एक नागडा होऊन कोपऱ्यात माकडासारखा दात विचकीत होता. त्यांना कोंडून ठेवावे लागले. बरे झाल्यावर कोणालाच काही आठवेना. रॉबर्ट बेव्हर्ली याने १७०५ साली ही हकिकत लिहून ठेवली, आणि अमेरिकेत धोतऱ्याला आजही त्या गावाच्या नावावरून ओळखतात. वाचताना हसू येते. पण ज्या घरात असे घडते तेथे कोणी हसत नाही.

हे सर्व घडते कसे? आपल्या शरीरात मज्जातंतू एकमेकांस व स्नायूंस निरोप पोचवितात ते रसायनांच्या द्वारे. अशा एका रसायनाचे नाव ॲसेटिलकोलीन. ऑटो लोवी याने १९२१ साली बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून मज्जातंतूतून असे द्रव्य सुटते हे सिद्ध केले. लाळ सुटणे, घाम येणे, डोळ्याची बाहुली बारीक होणे, हृदयाची गती आवरणे, मूत्राशय मोकळे होणे ही कामे या निरोप्याच्या हुकमाने चालतात. मेंदूत स्मरण आणि भान राखण्याच्या कामीही त्याचा हात असतो. हा निरोप्या ज्या कुलुपांत किल्लीसारखा बसतो त्याच कुलुपांत धोतऱ्यातील हायोसायमीन, ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्ये बसतात, परंतु कुलूप उघडीत नाहीत. नुसती जागा अडवून धरतात. मग निरोप्या दाराशी येऊन परत जातो. तोंडाला कोरड पडते, गिळता येत नाही, घाम थांबल्यामुळे अंग तापते व लाल होते, बाहुल्या विस्फारतात आणि जवळचे दिसेनासे होते, नाडी धावते, लघवी अडते. पुढे भ्रम सुरू होतो. रोगी पुटपुटतो, अंगावरचे कपडे व पांघरूण चिवडतो, बोटांच्या टोकांतून नसलेले दोरे ओढीत राहतो. हे दोरे ओढणे जुन्या वैद्यकीय पुस्तकांतूनही वर्णिलेले आहे. विष फार झाले तर झटके येतात, बेशुद्धी येते, श्वास बंद पडतो.

येथपर्यंत वाचून धोतरा म्हणजे नुसती पीडा, असा ग्रह व्हावयाचा. तसे नाही. कुलूप अडविणे हे एरवी विष असले तरी प्रसंगी तेच हवे असते. डोळे तपासताना थेंब घालतात व पुढे काही वेळ पुस्तक वाचता येत नाही, हा अनुभव पुष्कळांस असेल. मुलांच्या चष्म्याचा नंबर काढताना कधीकधी घालतात ते ॲट्रोपीनच होय. जपानात हानाओका सेइशू या शल्यवैद्याने १८०४ साली धोतरा ज्यात मुख्य होता असे मिश्रण पाजून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. पाश्चात्त्य देशांत ईथरची भूल १८४६ साली जाहीरपणे दाखविण्यात आली, त्याच्या बेचाळीस वर्षे आधीची ही गोष्ट. मात्र त्या मिश्रणाच्या चाचण्या घेताना हानाओकाच्या पत्नीचे डोळे गेले, असे सांगतात.

दम्याचा इतिहास तर थेट हिंदुस्थानातून निघतो. धोतऱ्याचा धूर ओढल्याने दमेकऱ्यास आराम पडतो, ही गोष्ट मद्रासचे डॉक्टर अँडरसन यांनी जनरल जेंट नावाच्या दमेकरी सेनाधिकाऱ्यास सांगितली आणि १८०२ साली त्याने ती विलायतेस नेली. पुढे शंभर-दीडशे वर्षे युरोपात व अमेरिकेत दम्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. आयुर्वेदात धोतऱ्याची गणना उपविषांत आहे. त्याचे शोधन केल्यावाचून तो वापरू नये असा दंडक आहे, आणि श्वासावर देतात त्या कनकासवातील 'कनक' म्हणजे धोतराच. आज दमेकऱ्यांना व धूम्रपानाने फुप्फुसे बिघडलेल्यांना इप्राट्रोपियम अथवा टायोट्रोपियम हे औषध श्वासावाटे देतात. ते रसायनशास्त्रज्ञांनी धोतऱ्याच्या द्रव्यांत फेरफार करून घडविले आहे. हा फेरफार मोठ्या अकलेचा आहे. नव्या रेणूवर विद्युतभार असल्याने तो फुप्फुसातून रक्तात फारसा उतरत नाही आणि मेंदूत तर जवळजवळ शिरतच नाही. श्वासनलिका सैल होते, भ्रम होत नाही.

परंतु महाराष्ट्राला या द्रव्याची गरज सर्वांत तीव्रतेने भासते ती कापसाच्या शेतांत. २०१७ सालच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. तेथे वापरल्या जाणाऱ्या औषधांत मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे होती. ही विषे धोतऱ्याच्या बरोबर उलट काम करतात. निरोप्याचे काम संपल्यावर त्याला मोडून टाकणारे जे विकर शरीरात असते तेच ती निकामी करतात; मग निरोप्यांची झुंबड उडते, तोंडातून व फुप्फुसांतून स्राव वाहू लागतो आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो. अशा वेळी डॉक्टर ॲट्रोपीन टोचतात. छातीतील घरघर थांबेपर्यंत दर काही मिनिटांनी वाढत्या मात्रेत टोचतात. निरोगी माणसास ज्याने वेड लागेल तेवढे ॲट्रोपीन अशा रोग्यास पुरतही नाही. उलट, धोतऱ्याच्या बाधेवर कॅलबार नावाच्या आफ्रिकी शेंगेतील विषाचा उतारा १८६४ सालापासून माहीत आहे, आणि ते विष कीटकनाशकाच्याच बाजूचे आहे.

मग घरच्या घरी धोतरा वापरला तर काय बिघडले, असा प्रश्न नेहमी येतो. पान तव्यावर तापवून गुडघ्यास बांधणारे, वाळलेले पान चिलमीत घालणारे, बियांचा काढा सुचविणारे आजही भेटतात. बिघडते ते मात्रेत. डॉक्टरच्या कुपीवर किती मिलिग्रॅम हे छापलेले असते. पानावर काही छापलेले नसते. विष मुख्यतः मुळांत तयार होते आणि खोडातून वर चढते. धोतऱ्याच्या खुंटावर टोमॅटोची फांदी कलम केली तर टोमॅटोच्या निरुपद्रवी पानांतही विष उतरते, हे प्रयोगाने दिसले आहे. ते किती चढेल हे जात, झाडाचे वय, जमीन, हवा आणि दिवस यांवर अवलंबून असते. एकाच प्लॉटातील दोन झुडपांची पाने दिसावयास सारखी, पण विषाने सारखी नसतात. शेजारच्या गृहस्थांस गेल्या वर्षी पाच पानांनी गुण आला म्हणून यंदाच्या पाच पानांबद्दल काहीच सांगता येत नाही. शिवाय औषधास पुरेल ती मात्रा आणि भ्रम आणील ती मात्रा यांत अंतर थोडे, लहान मुलात तर फारच थोडे. हे वैद्यांस ठाऊक होते; म्हणून तर त्यांनी शोधनाचा खटाटोप ठेवला. ज्ञात्यांचा खटाटोप टाळून फक्त पान तेवढे घ्यावयाचे, याला परंपरा म्हणणे आम्हांस मान्य नाही.

पूजेपुरते बोलायचे तर पान किंवा फळ वाहण्यात कसलाही धोका नाही. मात्र पत्री निवडताना पानाचा रस बोटांस लागतो आणि तेच बोट डोळ्यास लागले तर एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन राहते. अमेरिकेत धोतरा माजलेल्या मक्याच्या शेतांत काम करणाऱ्या मजुरांत हा प्रकार इतका दिसला की त्याला तेथे निराळे नावच पडले. एकच बाहुली मोठी झालेली पाहून घरचे लोक घाबरतात, आणि धोतऱ्याची गोष्ट सांगितली नाही तर डॉक्टरही मेंदूचा विकार शोधू लागतो. तेव्हा हात धुवावेत, आणि डॉक्टरकडे गेल्यास पत्री निवडल्याचे सांगावे. पूजेतील फळ निर्माल्यात जाईपर्यंत मुलांच्या हाती लागू देऊ नये. वाळले की ते आपोआप फुटते आणि त्यातून शेकडो बिया सांडतात. मुलाने बी किंवा फूल खाल्ल्याचा संशय जरी आला तरी ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये, ताक-दूध पाजत बसू नये. १०८ क्रमांकास बोलवावे किंवा रिक्षा करून रुग्णालय गाठावे, आणि झाडाची फांदी फळासकट पिशवीत घालून बरोबर न्यावी. ती फांदी डॉक्टरांचा अर्धा तपास वाचविते.

वारज्यातील नव्या सोसायट्यांतून दर पावसाळ्यात धोतरा उपटला जातो, आणि दर पावसाळ्यात तो पुन्हा येतो, याचे पुष्कळांस नवल वाटते. अमेरिकेत १९०२ साली निरनिराळ्या तणांच्या बिया मातीत पुरून ठेवल्या होत्या. एकोणचाळीस वर्षांनी उकरल्या तेव्हा ताठ फळाच्या धोतऱ्याच्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक बिया रुजल्या. बी खोल असते तोवर झोपून राहते. कोणी पाया खणला, माती वर आली, तिला ऊन-पाऊस लागला की उठते. वारज्याची माती अजून बरीच खणली जावयाची आहे. तेव्हा उपटावयाचा तर फुले दिसताच, फळ हिरवे असतानाच, हातमोजे घालून मुळासकट उपटावा. आणि फळ तपकिरी होऊन फुटू लागले असेल तर आधी तेवढे कागदात गुंडाळून काढून घ्यावे, झाडाला हात मागाहून लावावा.